ॲलन एकबॉर्न यांची नव्वद नाटकं: नव्या वाचकाने कुठून आणि कसं शिरावं

ब्रिटिश नाटककार ॲलन एकबॉर्न यांचं पहिलं नाटक 1959 मध्ये रंगमंचावर आलं. 2024 मध्ये 'शो अँड टेल' आलं, तेव्हा अधिकृत मोजणीत ते 90 वं ठरलं. इंग्रजी नाटक आवडीने वाचणारा माणूस कधी ना कधी या यादीपाशी येतो आणि तिथेच अडकतो. दुकानातले संग्रह काळाच्या क्रमाने लावलेले नसतात. एकच नाटक दोन नावांनी दिसतं. तीन नाटकांना मिळून एक नाव असतं, तर एका नाटकाचे सोळा शेवट असतात. हौसेने एखादं पुस्तक उचलावं, तर पहिल्या पंचवीस पानांत इंग्रज जोडप्यांची कुरबुर सोडून काही घडत नाही आणि पुस्तक मिटलं जातं.

ही यादी पालथी घालताना जी वाट मला सापडली, ती इथे पायरीपायरीने मांडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की एकबॉर्न यांचं नाटक आधी जागेचं असतं, मग माणसांचं आणि त्यानंतर संवादांचं. खोली कुठे आहे, दार कुठे उघडतं, पलीकडच्या खोलीत या क्षणी कोण आहे, हे डोळ्यांसमोर उभं केलंत तर ही नाटकं थक्क करतात. नाही केलंत, तर ती सपाट वाटतात आणि त्यात तुमची काहीच चूक नसते.

हाताशी काय असावं

- 'थ्री प्लेज' हा जुना संग्रह. त्यात 'ॲबसर्ड पर्सन सिंग्युलर', 'ॲबसेंट फ्रेंड्स' आणि 'बेडरूम फार्स' ही तीन नाटकं एकत्र मिळतात. जुन्या पुस्तकांच्या बाजारात तो शोधा.
- शक्य असेल तिथे सॅम्युअल फ्रेंचची प्रयोगासाठी छापलेली आवृत्ती. तिच्या शेवटी नेपथ्याचा आराखडा, सामानाची यादी आणि प्रकाशयोजनेची टिपणं असतात. साध्या आवृत्तीत हे नसतं आणि या लेखकाच्या बाबतीत तीच पानं सोन्याची आहेत.
- कोरे कागद, पेन्सिल आणि तीन-चार रंगांची पेनं. हे शोभेसाठी सांगत नाही, चौथ्या आणि पाचव्या पायरीला ती लागणार आहेत.
- एकबॉर्न यांचं अधिकृत संकेतस्थळ. प्रत्येक नाटकाचं पान, पहिल्या प्रयोगाची तारीख, पात्रसंख्या, हक्कांची माहिती असं सगळं तिथे आहे. काही शंका आली तर आधी तिथे पाहा.

1. यादी वाचा, पण यादीच्या क्रमाने नाटकं वाचू नका

पहिलं नाटक 'द स्क्वेअर कॅट'. ते 'रोलंड ॲलन' या टोपणनावाने लिहिलेलं आहे. ते आणि त्यानंतरची 'लव्ह आफ्टर ऑल', 'डॅड्ज टेल', 'स्टँडिंग रूम ओन्ली' ही नाटकं लेखकाने स्वतःच बाजूला ठेवली आहेत. ती प्रयोगासाठी मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे वेळ घालवू नका. (ब्रिटनमध्ये 1968 पर्यंत प्रत्येक संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत मंजुरीसाठी पाठवावी लागे, त्यामुळे त्या काळच्या संहिता ब्रिटिश लायब्ररीत जपल्या गेल्या. परिनिरीक्षण मंडळाला वैतागलेल्या आपल्या नाटकवाल्यांनी हा अनपेक्षित फायदाही लक्षात घ्यावा.)

यादीत तीन ठिकाणी गोंधळ होतो. पहिला नावांचा. 1965 चं 'मीट माय फादर' आणि 1967 मध्ये लंडनला गाजलेलं 'रिलेटिव्हली स्पीकिंग' ही एकच कृती. 'टेबल मॅनर्स' स्कार्बरोत, म्हणजे एकबॉर्न यांच्या नाट्यगृहाच्या गावी, पहिल्यांदा झालं ते 'फॅन्सी मीटिंग यू' या नावाने. दुसरा मोजणीचा. 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स' तीन नाटकं म्हणून मोजतात, 'हाउस' आणि 'गार्डन' दोन म्हणून, पण सोळा शेवटांचं 'इंटिमेट एक्स्चेंजेस' मात्र एकच. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा आकडा दिसला तर घाबरू नका. तिसरा गोंधळ 'जीव्हज'चा. जीव्हजचा मूळ लेखक वुडहाउस आवडतो म्हणून बरेच जण या संगीत नाटकापासून सुरुवात करतात. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्यासोबतचं हे नाटक 1975 मध्ये लंडनला साफ पडलं. पुढे 1996 मध्ये ते 'बाय जीव्हज' म्हणून नव्याने उभं राहिलं. त्यातून एकबॉर्न कळत नाहीत, म्हणून ते नंतरसाठी ठेवा.

2. पहिलं नाटक: 'रिलेटिव्हली स्पीकिंग'

चारच पात्रं, दोन घरं. लंडनमधल्या आपल्या मैत्रिणीच्या, जिनीच्या, पलंगाखाली ग्रेगला पुरुषाच्या सपाता सापडतात. जिनी आईवडिलांना भेटायला गावी जाते असं सांगते. खरं तर ती एका विवाहित, वयाने मोठ्या माणसाशी असलेलं प्रकरण संपवायला निघालेली असते. ग्रेग तिच्या आधी तिथे पोहोचतो, बागेत बसलेल्या त्या नवराबायकोलाच सासूसासरे समजतो आणि त्यातल्या नवऱ्यापाशी, म्हणजे फिलिपपाशी, जिनीचा हात मागतो.

सुरुवातीला हेच का? कारण यात रंगमंचाची कुठलीही करामत नाही. फक्त कुणाला काय माहीत आहे आणि काय नाही, एवढ्यावर अख्खं नाटक चालतं. वाचताना समासात प्रत्येक पात्रापुढे त्याला त्या क्षणी काय ठाऊक आहे ते लिहीत जा. शीला, म्हणजे फिलिपची बायको, हिच्याकडे विशेष लक्ष ठेवा. एकबॉर्न यांच्या पुढच्या अनेक बायका तिच्यातून निघाल्या आहेत असं मला वाटतं. लंडनच्या प्रयोगानंतर ज्येष्ठ नाटककार नोएल कॉवर्ड यांनी तरुण लेखकाला अभिनंदनाची तार केली होती. ते स्वतः अशा बांधणीचे उस्ताद, त्यामुळे ती तार महत्त्वाची.

3. स्कार्बरो डोक्यात ठेवा

ही पायरी गाळली तर पुढचं काही नीट लागत नाही.

स्कार्बरो हे यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचं सुट्टी घालवायचं गाव. 1955 मध्ये स्टीफन जोसेफ यांनी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीत एक छोटं नाट्यगृह सुरू केलं. प्रेक्षक चारही बाजूंनी, नट मधल्या रिंगणात. 1957 मध्ये एकबॉर्न तिथे रंगमंच व्यवस्था आणि नटाची कामं करायला आले. आपल्याला मिळणाऱ्या भूमिकेबद्दल त्यांनी कुरकुर केली, तेव्हा जोसेफ म्हणाले की बरी भूमिका हवी असेल तर नाटक स्वतः लिही. तिथून सगळं सुरू झालं. जोसेफ 1967 मध्ये गेले. 1972 पासून 2009 पर्यंत एकबॉर्न त्या नाट्यगृहाचे कलात्मक दिग्दर्शक होते आणि त्यांची जवळपास सगळी नाटकं लंडनआधी याच गावात झाली, बहुतेक त्यांच्याच दिग्दर्शनात.

एवढी नाटकं कशी लिहिली, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नाट्यगृहाला दर हंगामात नवं नाटक लागायचं. नाटकाचं नाव माहितीपत्रकात आधी छापलं जायचं आणि नाटक तालमी सुरू होण्याच्या बेतात लिहिलं जायचं. नट थोडे, पैसा थोडा. रिंगणात मागची भिंत नाही, म्हणून उंच कपाट ठेवता येत नाही, पडदा नाही, नेहमीची दारं नाहीत. प्रेक्षक म्हणजे पावसाने समुद्रकिनाऱ्यावरून पळवून लावलेली सुट्टीतली कुटुंबं. 'रिलेटिव्हली स्पीकिंग' लिहिताना अशाच भिजलेल्या माणसांना हसवायचं नाटक दे, ही जोसेफ यांची मागणी होती.

म्हणून वाचताना लंडनमधला सोनेरी कमानीचा रंगमंच डोळ्यांसमोर आणू नका. चौकोनी किंवा गोल मोकळी जागा आणि चारही बाजूंना हाताच्या अंतरावर बसलेले लोक आणा. आपल्याकडे छोट्या प्रायोगिक जागेत नाटक पाहिलेल्यांना हे सोपं जाईल, व्यावसायिकाची सवय असलेल्यांना थोडा प्रयत्न करावा लागेल.

4. कागदावर घर काढा

आता पेन्सिल घ्या. तीन नाटकं या क्रमाने वाचा.

'हाउ द अदर हाफ लव्ह्ज' (1969). एकाच मंचावर दोन दिवाणखाने आहेत, शेजारी शेजारी नव्हे, तर एकमेकांत मिसळलेले. श्रीमंत फॉस्टर आणि ओढाताणीतले फिलिप्स यांचं सामान एकाआड एक मांडलेलं. दोन्ही घरांतली माणसं एकमेकांच्या अंगावरून जातात आणि एकमेकांना दिसत नाहीत. पहिल्या अंकात दोन वेगवेगळ्या रात्रींच्या दोन मेजवान्या एकाच वेळी चालतात. पाहुणं जोडपं एकच. फेदरस्टोन नवराबायको खुर्चीत वळले की गुरुवारची रात्र संपून शुक्रवारची सुरू होते. दोन रंगांनी दोन घरं एकाच कागदावर काढा, मगच हा प्रवेश वाचा. आराखड्याशिवाय वाचलात तर डोकं भणभणेल. आराखड्यासह वाचताना मात्र एका घरात फेकलेल्या वस्तूचा फटका दुसऱ्या रात्री कुणाला कसा बसतो, ते पाहून मोठ्याने हसाल.

'बेडरूम फार्स' (1975). तीन शयनगृहं शेजारी शेजारी, चार जोडपी. ज्या ट्रेव्हर आणि सुझाना यांच्या संसारामुळे सगळ्यांची झोप उडते, त्यांना स्वतःची खोलीच मंचावर नाही. ते रात्रभर दुसऱ्यांच्या खोल्यांत शिरतात. नावात 'फार्स' आहे म्हणून पळापळीची अपेक्षा धरू नका. निक तर पाठ धरल्यामुळे पलंगावरून हलूही शकत नाही.

'टेकिंग स्टेप्स' (1979). तीन मजली जुनं घर, पण तिन्ही मजले एकाच सपाट जमिनीवर. माळ्यावरचं, मधलं आणि तळातलं सामान एकमेकांत मिसळून ठेवलेलं. नट सपाट जमिनीवर जिने चढतात आणि उतरतात. रिंगणात मजले बांधता येत नाहीत या अडचणीतूनच ही युक्ती जन्माला आली. नेपथ्याला पैसे नसलेल्या प्रत्येक नाट्यसंस्थेने हे नाटक निदान एकदा वाचायलाच हवं.

या तिघांनंतर तुमची नजर बदलते. मग पुढच्या प्रत्येक नाटकात पहिला प्रश्न आपोआप येतो: आपल्याला न दिसणाऱ्या जागेत आत्ता काय चाललंय?

5. 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स': घाई करू नका

1973 ची ही तीन नाटकं माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामाचा मध्यबिंदू आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

एक घर, जुलैतला एक शनिवार-रविवार आणि सोमवारची सकाळ, सहा माणसं. 'टेबल मॅनर्स' जेवणाच्या खोलीत घडतं, 'लिव्हिंग टुगेदर' दिवाणखान्यात आणि 'राउंड अँड राउंड द गार्डन' बागेत. नॉर्मन हा ग्रंथालयातला सहायक. त्याने मेहुणी ॲनीला गुपचूप फिरायला न्यायचा बेत केलेला असतो. ॲनी वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करत घरात अडकून पडली आहे. ती आई तिन्ही नाटकांत एकदाही दिसत नाही. भाऊ रेज आणि वहिनी सारा येतात, बेत फुटतो, नॉर्मन घरातच राहतो आणि ॲनी, सारा आणि स्वतःची बायको रूथ या तिन्ही बायकांना आपलंसं करू पाहतो.

एका नाटकात कुणी तणतणत दार लावून जातं, तेच माणूस त्याच क्षणी दुसऱ्या नाटकात आत येतं. तरीही प्रत्येक नाटक स्वतःच्या पायावर उभं आहे. यालाही कारण स्कार्बरो. आठवड्याच्या सुट्टीवर आलेला प्रेक्षक तिन्ही पाहीलच याची खात्री नव्हती. शिवाय कुठलं आधी पाहील हेही सांगता येत नव्हतं. ही अट पाळून तिन्ही नाटकं लिहिणं किती अवघड असेल, याचा अंदाज वाचताना हळूहळू येतो.

वाचायची पद्धत अशी:

आधी 'टेबल मॅनर्स' सलग वाचा. रविवारच्या नाश्त्याचा प्रवेश दोनदा वाचा. कुणी नॉर्मनशी बोलायला तयार नाही आणि तो एकटाच टेबलाभोवतीच्या प्रत्येकाशी बोलत सुटतो. मग 'लिव्हिंग टुगेदर'. 'राउंड अँड राउंड द गार्डन' शेवटी, कारण काळाने ते सर्वांत आधी सुरू होतं आणि सर्वांत शेवटी संपतं. तिन्ही झाल्यावर मग कागद घ्या. प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी वार आणि वेळ दिलेली आहे. तीन नाटकांचे मिळून बारा प्रवेश वेळेप्रमाणे एकाखाली एक लिहा आणि त्या क्रमाने निदान चाळा.

सापळा इथेच आहे. बरेच हुशार वाचक पहिल्याच वाचनात घड्याळाप्रमाणे बारा प्रवेश वाचायला घेतात. तसं करू नका. प्रत्येक नाटकाचा स्वतःचा चढ-उतार आहे, तो मोडतो. शिवाय आधी दिसलेली रागावलेली सारा नंतर बागेत वेगळीच दिसते तेव्हा बसणारा धक्काही हातचा जातो.

6. हसू कुठे थांबतं ते पाहा

एकबॉर्न म्हणजे हलकीफुलकी विनोदी नाटकं, हा समज ब्रिटनमध्येही बरीच वर्षं टिकला. तो मोडायला 'ॲबसर्ड पर्सन सिंग्युलर' (1972) पुरे. तीन जोडपी, तीन ख्रिसमस, तीन स्वयंपाकघरं. पार्टी कायम पलीकडच्या खोलीत आणि आपण कायम स्वयंपाकघरात. दुसऱ्या अंकात इव्हा एकही शब्द न बोलता जीव द्यायचा एकेक मार्ग शोधत असते. तिने ओव्हनमध्ये डोकं घातलं की पाहुणी जेन समजते की बाई ओव्हन साफ करतेय आणि स्वतः घासायला घेते. सिडनी सिंक दुरुस्त करतो. रोनल्ड दिव्याशी झटतो. सगळे मदतीला धावतात आणि कुणालाच ती दिसत नाही. प्रेक्षागृह हसत असतं आणि त्या हसण्याने आपणही त्या पाहुण्यांपैकी एक ठरतो. रंगमंचावर याहून निर्दय आणि याहून कनवाळू प्रवेश मी फार थोडे वाचले आहेत.

यानंतर 'ॲबसेंट फ्रेंड्स' (1974): वाग्दत्त वधू बुडून गेलेल्या कॉलिनचं सांत्वन करायला मित्र चहाला जमतात. कॉलिन आनंदात असतो आणि कोलमडतात ते मित्र. मग 'जस्ट बिटवीन अवरसेल्व्ह्ज' (1976). उन्हाळी हंगामाऐवजी हिवाळ्यात उघडणारी नाटकं ते लिहू लागले तेव्हाचं हे पहिलं. सुट्टीतल्या प्रेक्षकाला खूश ठेवायचं बंधन सुटल्याचं त्यात जाणवतं. आणि 'वुमन इन माइंड' (1985): बागेतल्या दाताळ्यावर पाय पडून ते सुझनच्या डोक्यावर आदळतं आणि ती शुद्धीवर येते ते एका काल्पनिक, प्रेमळ, देखण्या कुटुंबात. खरं कुटुंब रटाळ आणि तुटक. प्रेक्षकाला फक्त सुझनला दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच कळतं, मग ते खरं असो वा नसो. या लेखातलं एकच नाटक वाचणार असाल तर मी हे सांगेन. पण पहिलं म्हणून नको.

1987 चं 'अ स्मॉल फॅमिली बिझनेस'ही इथेच वाचा. एक प्रामाणिक माणूस घरच्या धंद्यात किती सहज घसरत जातो याचं ते नाटक आहे. लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी लिहिलेलं, त्यामुळे त्याचा मंचही मोठा, घराचा उभा छेद दाखवणारा.

7. फाटे फुटणारी नाटकं

'इंटिमेट एक्स्चेंजेस' (1982) सुरू होतं तेव्हा सीलिया टीसडेल बागेत येते आणि सिगरेट ओढायची की नाही हे ठरवते. पहिल्या काही सेकंदांतल्या या निवडीने नाटक दुभंगतं. पुढचा निर्णय पाच दिवसांनी, त्यापुढचा पाच आठवड्यांनी, मग पाच वर्षांनी. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. सगळी पात्रं दोनच नट करतात. वाचायच्या आधी झाडासारखा आराखडा काढून पानांवर खुणा करा. सगळे फाटे एका दमात वाचू नका. एक वाट शेवटपर्यंत जा, मग एकच निर्णय बदलून पाहा.

'हाउस' आणि 'गार्डन' (1999) ही एकाच इमारतीतल्या दोन नाट्यगृहांत एकाच वेळी चालणारी नाटकं, त्याच नटांची. इकडून गेलेला नट तिकडे वेळेवर पोहोचला पाहिजे. संहिता वाचून यातली निम्मीच गंमत कळते. पाठोपाठ वाचा आणि प्रत्येक प्रवेशाशेजारी त्या वेळी दुसरीकडे कोण आहे ते लिहा.

8. मुलांसाठी आणि भविष्याबद्दल

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर 'इनव्हिजिबल फ्रेंड्स' आणि 'मिस्टर एज अमेझिंग मेझ प्लेज' एकत्र वाचा. दुसऱ्यात पुढे कुठल्या खोलीत जायचं ते प्रेक्षक ठरवतात. यंत्रमानवांत रस असेल तर 'हेन्सफॉरवर्ड' (1987) आणि 'कॉमिक पोटेन्शियल' (1998) घ्या. आज ती लिहिली गेली तेव्हापेक्षा जास्त जवळची वाटतात.

9. पडद्यावर पाहायचं असेल तर

'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स'चं 1977 चं दूरचित्रवाणी रूप टॉम काँटी, पेनेलपी कीथ, पेनेलपी विल्टन आणि रिचर्ड ब्रायर्स यांच्यासाठी जरूर पाहा. फ्रेंच दिग्दर्शक ॲलाँ रेने यांनी तीन वेळा एकबॉर्न यांच्याकडे वळून सिनेमे केले. 'स्मोकिंग' आणि 'नो स्मोकिंग' (1993) 'इंटिमेट एक्स्चेंजेस'वरून, 'कर' (2006) 'प्रायव्हेट फिअर्स इन पब्लिक प्लेसेस'वरून, आणि 2014 चा त्यांचा अखेरचा सिनेमा 'लाइफ ऑफ रायली'वरून. नावं बदललेली असल्यामुळे शोधताना ते निसटतात. सिनेमा आधी पाहू नका. पडद्यावर न दिसणारी खोली प्रेक्षक स्वतः उभी करत नाही आणि इथे तर सगळी मजा तीच आहे.

10. ब्रिटनमध्ये असाल तर स्कार्बरोला जा

लंडन, लीड्स, मँचेस्टरकडे राहणाऱ्या मराठी नाटकवेड्यांना हे सहज जमण्यासारखं आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कला सुमारे दोन तास आणि तिथून स्कार्बरोला तासाभराच्या आत. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच स्टीफन जोसेफ थिएटर. पूर्वी ते ओडियन सिनेमागृह होतं, 1996 मध्ये तिथे नाट्यगृह आलं. आत दोन मंच आहेत. 'राउंड' म्हणजे रिंगण, आणि 'मकार्थी' म्हणजे एका बाजूने पाहायचा छोटा मंच. तिकीट 'राउंड'चंच आहे ना, ते काढतानाच पाहा. गेली काही वर्षं एकबॉर्न यांचं नवं नाटक साधारण सप्टेंबरात येतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच हंगामाचं वेळापत्रक बघून ठेवा. शक्य असेल तर एकच नाटक दोनदा, समोरासमोरच्या बाजूंनी बसून पाहा. नटाची पाठ पाहतानाही नाटक किती कळतं ते समजेल.

अभ्यासकांसाठी आणखी एक मुक्काम आहे. त्यांची कागदपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत ठेवलेली आहेत. तिथे आधी कळवून, वेळ ठरवूनच जा.

11. बसवायचं असेल तर: परवानगी

वाचून झाल्यावर कुणाला तरी हे मराठीत करावंसं वाटतंच. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून स्पष्ट सांगतो.

हौशी संस्थेला मूळ इंग्रजीत प्रयोग करायचा असेल तर बहुतेक नाटकांचे हक्क कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्सकडे आहेत. सॅम्युअल फ्रेंच आता त्यांच्याचकडे आहे. मराठी अनुवाद किंवा रूपांतर हा पूर्णपणे वेगळा हक्क आहे. त्यासाठी लेखकाच्या एजन्सीकडे, म्हणजे लंडनच्या कॅसारोटो रॅमसेकडे, लेखी विचारणा करावी लागते. प्रयोगाचा परवाना मिळाला म्हणजे गावं, नावं, शेवट बदलायची मुभा मिळाली असं अजिबात नाही. 'कथाबीज घेतलंय, बाकी सगळं आपलं' हा युक्तिवादही चालत नाही. प्रवेशरचना आणि मांडणी तीच असेल तर ते रूपांतरच.

विचारणा करताना हे तयार ठेवा:

- नाटकाचं नेमकं नाव आणि कुठली आवृत्ती
- अनुवाद की रूपांतर, आणि रूपांतर असेल तर स्थळ, काळ, पात्रं यांत काय बदल करणार याचं एक पानी टिपण
- अनुवादकाचं नाव आणि आधीचं काम
- प्रयोग किती, कुठे, नाट्यगृहाची आसनसंख्या, तिकिटाचा दर
- स्पर्धेसाठी असेल तर स्पर्धेचे नियम आणि तारखा

उत्तर यायला आठवडे लागू शकतात. राज्य नाट्य स्पर्धेत लेखकाचं परवानगीपत्र मागतात आणि जाहीर प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. म्हणून परवानगी हातात येण्याआधी तालमीचा हॉल घेऊ नका.

रूपांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. 'ॲबसर्ड पर्सन सिंग्युलर' वाचताना ख्रिसमसच्या जागी दिवाळी टाकायचा मोह लगेच होतो. पण ते नाटक चालतं ते इंग्रज घरात पाहुण्याने स्वयंपाकघरात शिरणं अवघडलेपणाचं असतं म्हणून. आपल्याकडे पाहुणी बाई थेट ओट्यापाशी जाते आणि कुणाला काही वाटत नाही. घरातली लपवायची जागा तुमच्या पात्रांसाठी कुठली, गच्ची, मागची बाल्कनी की देवघराशेजारची अडगळ, हे आधी ठरवा आणि परवानगीच्या अर्जासोबतच्या त्या एक पानी टिपणात तेच सर्वांत वर लिहा.